स्वाती, मुंगीचे कोष आणि मेलबर्नचे सात ऋतू

यारावाली · २८ ऑगस्ट, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. काल गणपती बसले, घर पाहुण्यांनी भरलंय, पण हे आत्ताच लिहिलं नाही तर राहून जाईल.

लेक चौथीत आहे. शाळेतून एक कागद घेऊन आला, त्यावर एक गोल आणि गोलाचे सात तुकडे, तेही सारखे नाहीत, एक तुकडा पाच महिन्यांचा आणि काही जेमतेम एकेका महिन्याचे. इथल्या, म्हणजे मेलबर्नच्या मूळ रहिवासी वुरुंजेरी लोकांचे ऋतू. जानेवारी-फेब्रुवारी बिडेराप म्हणजे कोरडा, मार्च म्हणजे यूक, ईल माशाचा, मग एप्रिल ते ऑगस्ट वारिंग, वॉम्बॅटचा. सप्टेंबर गुलिंग, ऑर्किडचा. ऑक्टोबर पूरनीत, बेडकाच्या पिल्लांचा. नोव्हेंबर बुआथ गुरू, गवत फुलायचा, आणि डिसेंबर गॅरवँग, कांगारू-अ‍ॅपल नावाच्या फळाचा. पोरगा विचारतो, आई आत्ता कुठला चालूय? मी म्हटलं हिवाळा. तर तो मला खिडकीपाशी घेऊन गेला आणि शेजारच्यांची वॅटल दाखवली, अख्खं झाड पिवळंधमक, हळद सांडल्यासारखं. म्हणे वॅटल फुलली म्हणजे गुलिंग आला, तुझा हिवाळा संपला. अकरा वर्षं राहतेय इथे, इतकी वर्षं ऑगस्टमध्ये 'अजून थंडीच आहे बाई' म्हणत ते झाड रोज बघत होते.

त्या कागदावर गुलिंगच्या खाली एक ओळ होती, की सूर्य मावळला की आर्क्टुरस नावाचा तारा वायव्येला क्षितिजाजवळ दिसतो. म्हणून वाचायला बसले तर आमच्या राज्याच्या वायव्येकडच्या टिरेल तळ्याजवळच्या मूळ बूरॉंग लोकांचं सापडलं. त्यांच्यात ह्याच ताऱ्याला मार्पीनकुर्क म्हणतात, ती एक बाई, आणि तिने लोकांना बिटुर शोधून दिलं. बिटुर म्हणजे रानमुंगीचे कोष, अर्धा इंचभर, ऑगस्ट-सप्टेंबरचं खाणं. ती संध्याकाळी उत्तरेला आली की बिटुरचा हंगाम येतो, आणि ती सूर्याबरोबर मावळायला लागली की बिटुर संपलं, उन्हाळा सुरू. उन्हाळ्याला कोत्ची म्हणतात.

तर प्रश्न असे. आर्क्टुरस म्हणजे आपली स्वातीच ना? तारा आणि मुंगी ह्यांची सांगड नेमकी बसते कशी? आणि हे सगळं आज कोणी बघून चालतं का, की शाळेच्या कागदापुरतंच उरलंय?

खगोलवेडा · २८ ऑगस्ट, रात्री ११.०५

हो ताई, स्वातीच. आणि तुम्ही माझ्या फार आवडीच्या विषयाला हात घातलात, आता सहन करा.

बूरॉंगांचं आकाश आपल्या नावांनी वाचलं की फार मजा येते. व्याध म्हणजे त्यांचा वारेपिल, गरुड, सगळ्या जुन्या आत्म्यांचा मुख्य. अगस्त्य म्हणजे वार, कावळा, वारेपिलचा भाऊ, आणि त्यानेच पहिल्यांदा आकाशातून विस्तव खाली आणून माणसांना दिला. श्रवण म्हणजे तोत्यार्गुइल. अभिजित म्हणजे निल्लोआन, ती तोत्यार्गुइलची आई. ज्येष्ठा म्हणजे ज्युइट, तो तुमच्या मार्पीनकुर्कचा, म्हणजे स्वातीचा मुलगा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे तारे त्याच्या बायका.

सगळ्यात सुंदर माझ्या मते कृत्तिका आणि मृग. कृत्तिका म्हणजे लार्नानकुर्क, तरुण मुलींचा घोळका, वाजवतायत. मृगाच्या पट्ट्यातले तारे म्हणजे कुलकुनबुल्ला, पोरं नाचतायत. आणि मधे आपली रोहिणी बसलीये ना, ती म्हणजे गेल्लारलेक, गुलाबी काकाकुवा, म्हातारा, गातोय आणि ताल धरतोय. आपल्याकडे त्याच जागी पाठलाग आणि बाण आहे. त्यांच्याकडे नाच आहे.

आणि पुनर्वसूचे दोन तारे. युरी आणि वांजेल, दोघं तरुण, पुर्रा नावाच्या कांगारूच्या मागे धावतायत. पुर्रा म्हणजे ब्रह्महृदय. मोठ्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला ते त्याला मारतात आणि भाजतात, आणि तिथल्या सपाट रानावर जे मृगजळ लवलवतं तो त्या भाजण्याचा धूर. धूर विरला की शरद सुरू. आता सांगा, ह्याला गोष्ट म्हणायचं का कॅलेंडर?

मिरजकर_काका · २९ ऑगस्ट, सकाळी ६.१५

सुप्रभात. अहो हे तर अगदी आपल्यासारखंच झालं. आमचे वडील पेरणीला तारीख कधी बघत नसत. रोहिणीत रान तयार, मृग लागला की डोळे आभाळाकडे, मग आर्द्रा, पुनर्वसू, हत्तीचा पाऊस. वाहन बेडूक आहे का म्हैस, त्यावरून पारावर दिवसभर चर्चा. आणि 'पडल्या स्वाती तर पिकतील माणिकमोती'. तीच ही स्वाती. तिकडे मुंगी, इकडे मोती, जग किती सारखं आहे.

गणिताची_बाई · २९ ऑगस्ट, सकाळी ८.३०

काका, आदर ठेवून थोडा वाद घालते. सारखं नाहीये.

आपला मृग लागतो म्हणजे सूर्य मृगात जातो. ज्या नक्षत्रात सूर्य, ते नक्षत्र तेव्हा दिसतच नाही, उजेडात बुडालेलं असतं. म्हणजे 'मृग लागला' हे कोणी आकाशात बघून म्हणत नाही, पंचांगात बघून म्हणतो. कोणीतरी गणित केलंय, छापलंय, आपण वाचतोय. बूरॉंगांकडे छापलेलं काही नाही. त्यांची स्वाती डोळ्यांना दिसते तोवर एक हंगाम आणि दिसेनाशी झाली की दुसरा. ही प्रत्यक्ष बघण्याची रीत आहे, आणि बघणाऱ्याला स्वतःला ती यावी लागते.

मिरजकर_काका · २९ ऑगस्ट, सकाळी ८.५०

बाई, मग अगस्त्याचं काय? अगस्त्य उगवला की पाणी निवळतं, पावसाळा सरला, हे आमचे आजोबा पहाटे उठून दक्षिणेला बघून सांगत. पंचांग न उघडता. आपल्यातही बघणारे होते.

गणिताची_बाई · २९ ऑगस्ट, सकाळी ९.१०

हे मात्र मान्य. अगस्त्याचं अगदी बरोबर उदाहरण दिलंत, शब्द मागे घेते. पण बघा ना, तो अगस्त्य मेलबर्नहून जवळपास मावळतच नाही, रात्रभर दक्षिणेला खालून वरून फिरत राहतो. म्हणजे 'उगवला' ही खूण तिथे चालणारच नाही. तेच स्वातीचं. महाराष्ट्रातून ती ऑक्टोबरातही संध्याकाळी पश्चिमेला दिसते, टिरेल तळ्यावरून सप्टेंबर सरतासरता जाते. तारा एकच, पण तो कुठल्या गावाचा सांगाती आहे ते गाव ठरवतं. म्हणून 'जग सारखं' म्हणण्यापेक्षा जागा बघावी असं मला वाटतं.

कोरचीचा_संजू · २९ ऑगस्ट, सकाळी १०.०२

मुंगीचे कोष म्हटल्यावर इथे बऱ्याच जणांनी नाक मुरडलं असेल. आमच्या गडचिरोलीकडे लाल मुंग्यांची चटणी करतात, आंबट झणझणीत, भाकरीबरोबर. खाऊन बघा मग बोला.

पर्थची_मानसी · २९ ऑगस्ट, दुपारी १.२०

पश्चिमेकडून हजेरी. आमच्याकडे नूंगार लोकांचे सहा ऋतू. बिराक, बुनुरू, जेरान, माकुरू, जिल्बा, कांबारांग. साधारण दोन-दोन महिने धरतात पण तारीख लावून कोणी सुरू करत नाही. सध्या जिल्बा.

मला कळलेला पहिला ऋतू म्हणजे बिराक, कारण तो झाडाने सांगितला. इथे मूजर नावाचं झाड आहे, वर्षभर त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही, आणि नोव्हेंबर-डिसेंबरात असं नारिंगी पेटतं की हायवेवरून जाताना गाडीचा वेग आपोआप कमी होतो. ते फुललं की कडक ऊन आलंच. हे झाड दुसऱ्यांच्या मुळांतून पाणी ओढून घेतं, जमिनीत त्याची मुळं लांबवर जातात आणि गवताच्या मुळालाही चावतात, जमिनीखालच्या विजेच्या केबलसुद्धा त्यांनी कापल्याचं नोंदलंय. उन्हाळ्याच्या तोंडावर बाकी सगळं सुकत असताना हे एकटं का फुलतं त्याचं उत्तर ह्यात आहे.

आणि बिराकमध्ये सकाळी पूर्वेचा गरम वारा, दुपारनंतर समुद्रावरून गार. नूंगार ह्याच काळात रान तुकड्या-तुकड्यांनी पेटवायचे, शिकार बाहेर निघावी आणि पुढे मोठा वणवा लागू नये म्हणून. वारा कुठल्या वेळी कुठून येतो हे ठाऊक असल्याशिवाय आग लावायची हिंमत कोण करेल? म्हणून मला हे नुसतं 'निसर्गप्रेम' म्हटलेलं आवडत नाही, हे कामाचं ज्ञान आहे.

थेटबोल · २९ ऑगस्ट, सायं. ७.४५

वाईट वाटून घेऊ नका कोणी, पण दोन शंका. एक, बूरॉंगांचं हे जे काय आहे ते एका गोऱ्या जमीनदाराने लिहून ठेवलं, बरोबर? मग त्यात त्यांचं किती आणि त्याचं किती? दोन, शाळेच्या कागदावरच्या सात ऋतूंना जानेवारी-मार्च अशी महिन्यांची लेबलं लावली म्हणजे ते पुन्हा आपलंच भिंतीवरचं कॅलेंडर झालं की. फक्त नावं गोड.

खगोलवेडा · २९ ऑगस्ट, रात्री १०.३०

थेटबोल, शंका रास्त आहे, जमेल तेवढं उत्तर देतो.

त्याचं नाव विल्यम स्टॅनब्रिज. टिरेल भागात त्याची मेंढ्यांची जमीन होती. ३० सप्टेंबर १८५७ ला त्याने मेलबर्नमधल्या फिलॉसॉफिकल इन्स्टिट्यूटपुढे निबंध वाचला. त्यात तो स्वतः लिहितो की बूरॉंगांना आपल्याला इतर कोणाहीपेक्षा आकाश जास्त कळतं ह्याचा अभिमान आहे, आणि माहिती त्याला त्यांच्यातल्याच एका घरातल्या दोघांनी दिली. त्याला तारे ठाऊक होते, म्हणून नाव कुठल्या ताऱ्याचं हे त्याने बरंचसं नीट जुळवून ठेवलं. चाळीसेक नावं आहेत. पुढे १९९६ मध्ये जॉन मॉरिसन ह्यांनी ह्याच निबंधावर एमएचा प्रबंध केला आणि कुठला तारा का निवडला असेल ते एकेक करून तपासलं.

खरेपणाचा एक पुरावा तर मला हादरवून गेला होता. त्या यादीत वारची, म्हणजे अगस्त्याची बायको आहे, कोलोगुल्लोरिक वार, मोठी तांबडी तारका. ती जागा तपासली तर तिथे ईटा कॅरिनी. आज तो तारा साध्या डोळ्यांना मंदसाच दिसतो, बायको म्हणावं असं त्यात काही नाही. पण १८४० च्या दशकात त्याचा प्रचंड उद्रेक झाला आणि १८४३ साली तो व्याधाखालोखाल आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा झाला होता! २०१० मध्ये हमाकर आणि फ्रू ह्या संशोधकांनी दाखवलं की बूरॉंगांनी तो भडकलेला तारा बघून आपल्या गोष्टीत घेतला होता. म्हणजे गोष्टी आधीच संपलेल्या, बंद झालेल्या नव्हत्या, आकाशात नवीन कोणी आलं तर त्याला घरात घेत होते, नातं जोडून देत होते.

महिन्यांच्या लेबलांबद्दल तुम्ही बरोबर आहात. ती सोयीसाठी आहेत. खरी खूण महिना नाही, खूण म्हणजे खूण.

डँडेनाँगचा_मन्या · ३० ऑगस्ट, सकाळी ७.५०

यारावाली, तुझ्या तिसऱ्या प्रश्नावर बोलतो. मी शनिवारी-रविवारी रोपं लावायला जातो, खाडीकाठी, आमचा स्वयंसेवकांचा ग्रुप आहे.

तुमच्या त्या लांबलचक वारिंगमधे एकदा पहाटे शेरब्रुकच्या जंगलात जा. जुलैत गेलो होतो, धुकं इतकं की झाडफर्नच्या झावळ्यांवरून पाणी टपटपत होतं, पाऊस नसताना. लायरबर्ड. वुरुंजेरी त्याला बुल्लेन-बुल्लेन म्हणतात. नर मातीच्या छोट्या ढिगाऱ्यावर चढला, शेपूट उलटी डोक्यावरून पुढे पसरली, चांदीची जाळी असावी तशी, आणि तिच्याखालून कुकाबुरा, मग व्हिपबर्ड, मग काळा काकाकुवा, एकापाठोपाठ एक सगळ्यांचे आवाज. वीस मिनिटं हललो नाही, पायाला जळवा लागल्या ते घरी येऊन कळलं. जंगलात हे चालू असतं आणि आपण शहरात त्याच दिवसांना 'ग्रे डे' म्हणून मोकळे होतो.

दुसरी गोष्ट मर्नाँग. पूरनीतमध्ये म्हणजे ऑक्टोबरच्या आसपास ह्याचे कंद तयार होतात, इथल्या बायकांचं मुख्य खणायचं खाणं होतं ते. फूल साधं, पिवळं, डँडेलियनसारखं. पण ओळखायची खूण कळीत आहे. उमलायच्या आधी कळी मान खाली घालून लोंबते, लाजाळू मुलीसारखी, आणि उमलताना देठ सरळ होतो. कंद मोडला की पांढरा चीक येतो. आम्ही रोपवाटिकेत एक कच्चा खाऊन बघितला, ओल्या खोबऱ्याची चव लागते थोडीशी.

पूर्वी मैलोनमैल मर्नाँग होतं. १८३५ नंतर मेंढ्या आल्या, त्यांनी तोंडाने उकरून कंद खाल्ले, खुरांनी माती दगडासारखी केली, आणि काही वर्षांत पोटभर मिळणारी गोष्ट शोधावी लागायला लागली. थेटबोल, तुझं म्हणणं ठीक आहे पण मला उलटं वाटतं. कॅलेंडर खोटं नाही पडलं. कॅलेंडरमध्ये जे लिहिलं होतं तेच उचलून नेलं.

थेटबोल · ३० ऑगस्ट, सकाळी ९.३०

मन्या, हे माहीत नव्हतं. खरंच.

पक्षी_दर्शना · ३० ऑगस्ट, दुपारी २.१५

खगोलवेडा, तुम्ही निल्लोआन म्हणजे अभिजित असं एका ओळीत उडवलंत, तिच्याबद्दल मी लिहिते कारण तो माझा पक्षी आहे.

निल्लोआन म्हणजे लोआन, मॅलीफाउल. टिरेलच्या आसपासचं रान म्हणजे मॅली, एका बुंध्याऐवजी जमिनीतूनच पाच-सहा फांद्या फुटलेले ठेंगणे निलगिरी. तिथे हा कोंबडीपेक्षा मोठा, ठिपक्यांचा पक्षी राहतो. तो अंड्यांवर बसत नाही. नर पालापाचोळा आणि वाळू पायांनी ओढून चार-पाच मीटर रुंद, मीटरभर उंच ढीग करतो, आत पाला कुजून ऊब तयार होते आणि त्यात मादी अंडी घालते. मग महिनोन्महिने नराचं काम एकच, चोच वाळूत खुपसायची, किती गरम आहे ते बघायचं आणि त्याप्रमाणे वाळू काढायची किंवा घालायची. ३३ अंशांच्या आसपास धरून ठेवतो. आमच्या घरी दही लावताना सासूबाई करंगळी बुडवून दूध किती कोमट आहे बघतात, मला दर वेळी तोच आठवतो. पिल्लू बाहेर येतं तेही स्वतः वाळू उकरत, आणि आल्याबरोबर एकटंच रानात निघून जातं, आईबापांची भेट नाही.

आता तारा बघा. बूरॉंगांनी सांगितलंय की लोआनची अंडी इथे हंगामात यायला लागली की वर निल्लोआनचा हंगाम सरत येतो, आणि ती सूर्याबरोबर मावळली की अंडी मिळतात. म्हणजे तारा दिसणं ही खूण नाही, तारा जाणं ही खूण. मला नेहमी वाटतं की ती वरून निघून खाली ढिगाकडे आली. हे माझं वाटणं हं, त्यांच्या गोष्टीत असं नाही.

यारावाली, तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या समजुतीप्रमाणे असं. जमिनीखालचे कोष आणि वाळूतली अंडी दोन्ही वरून दिसत नाहीत. रान दहा दिवसांच्या चालीचं. उगाच गेलात तर पायपीट फुकट, आणि लवकर उकरलं तर ढीग नासला. वर बघून कळलं की आता निघायचं, तर पूर्ण टोळीचे दिवस वाचतात.

डार्विनकर · ३० ऑगस्ट, रात्री ८.००

उत्तरेकडून थोडं. तुमचं ते ईल, ऑर्किड वाचून मस्त गार वाटलं, आम्ही इथे घामात. काकाडूच्या बिनिन्ज लोकांचेही सहा ऋतू. सध्या गुरुंग, गरम आणि कोरडा. मग ऑक्टोबरच्या मध्यापासून गुनुमेलेंग, आभाळ रोज दुपारी भरतं, गडगडतं, आणि तेव्हा अल्युर दिसतो. तो एक नाकतोडा, नारिंगी आणि निळा, रंगवल्यासारखा. तो नामार्गोनचं म्हणजे विजेच्या पुरुषाचं लेकरू, बापाला बोलवायला निघालेला. मी एकदाच बघितलाय, खडकाळ भागात एका वासाच्या झुडपावर, आणि त्याच संध्याकाळी पहिली वीज कडाडली. हात जोडले गेले माझे.

आणि पावसाच्या शेवटी एप्रिलमध्ये बँगेरेंग. तेव्हा जी वादळं येतात ती माणसापेक्षा उंच वाढलेलं भाल्यासारखं गवत भुईसपाट करून जातात. सरकारी हिशोबात उत्तरेला दोनच ऋतू, ओला आणि सुका. ह्या वादळाला त्या दोनात जागाच नाही.

मिरजकर_काका · ३१ ऑगस्ट, सकाळी ६.२०

डार्विनकर, नाकतोडा पावसाला बोलावतो हे वाचून आमचा पावश्या आठवला. 'पेर्ते व्हा, पेर्ते व्हा'. यंदा मे महिन्यात ओरडला आणि लोक गोंधळले, कारण पाऊसही मेमध्येच आला.

एक विचारतो, ह्या लोकांना 'आदिवासी' म्हणावं का? धाग्यात कोणीच म्हटलेलं नाही म्हणून विचारलं.

पर्थची_मानसी · ३१ ऑगस्ट, सकाळी ९.००

काका, शब्दाचा अर्थ पाहिला तर चालेल, पण इथे शेकडो वेगवेगळे लोक, वेगवेगळ्या भाषा. सगळ्यांना एका शब्दात घातलं की नूंगारचे ऋतू वुरुंजेरींना लावल्यासारखं होतं. माझ्या ऑफिसात एक नूंगार आजी येतात कधीकधी, त्यांचं म्हणणं एकच असतं, कोणाच्या जमिनीबद्दल बोलताय ते आधी सांगा. म्हणून शक्य तिथे त्यांचं स्वतःचं नाव.

मिरजकर_काका · ३१ ऑगस्ट, सकाळी ९.१५

समजलं. बूरॉंग, वुरुंजेरी, नूंगार, बिनिन्ज. वहीत लिहून घेतले.

खगोलवेडा · १ सप्टेंबर, रात्री ११.५०

आज सरकारी वसंत सुरू झाला म्हणे. ह्या आठवड्यात इथून रात्री डोक्यावर बघा, वृश्चिकाच्या दोन्ही बाजूंना आकाशगंगा, आणि तिच्यामधली काळी जागा. तारे नाही बघायचे, काळोख बघायचा. दक्षिण क्रॉसजवळचा काळा ठिपका म्हणजे डोकं, मग मान, मग पोट. एमू.

न्यू साउथ वेल्सच्या उत्तरेकडचे कामिलरोई आणि युआहलाई लोक त्याच्याकडे बघून एमूचं वर्ष ओळखतात. एप्रिल-मे मध्ये संध्याकाळी तो लांब पाय टाकत पळताना दिसतो, तेव्हा खाली माद्या नरांच्या मागे धावत असतात. जून-जुलैत पाय दिसेनासे होतात, तो बसलाय, म्हणजे नर घरट्यावर बसलाय. अंडी तेव्हा गोळा करायची. एमूतही अंडी नरच उबवतो, दर्शनाताई, तुमच्या मॅलीफाउलची आठवण होईल. आणि नोव्हेंबरकडे तो क्षितिजापाशी खाली उतरतो, पाणवठ्यात बसलेला.

गणिताची_बाई · २ सप्टेंबर, सकाळी ७.४०

एक हिशोब मनात घोळतोय. ताऱ्यांवर बांधलेली खूण हळूहळू ऋतूपासून सरकते, साधारण ७२ वर्षांत एक दिवस. म्हणून आपला मृगही शतकांच्या हिशोबात पुढे सरकतोय. १८५७ पासून आजपर्यंत फरक दोन-अडीच दिवसांचा, म्हणजे काहीच नाही. पण हजारो वर्षं ह्याच जागी राहणाऱ्यांना तो जाणवणार. तेव्हा मुंगी आणि तारा जुळेनासे झाले तर ते नवीन तारा निवडत असतील का? ईटा कॅरिनीसारखा नवा पाहुणा घरात घेणारे लोक जुन्याला निवृत्तही करू शकत असतील.

डँडेनाँगचा_मन्या · २ सप्टेंबर, सकाळी ८.३०

ताऱ्यांचं सोडा बाई, आता घाई जमिनीवर आहे. ह्या भागाच्या कॅलेंडरात दोन ऋतू असे आहेत जे दरवर्षी येत नाहीत, आगीचा साधारण सात वर्षांनी आणि पुराचा साधारण अठ्ठावीस वर्षांनी. त्यांचीही जागा धरून ठेवलीये, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. पण खुणा एकमेकींच्या ओळीने यायच्या, वॅटल मग ऑर्किड मग करावाँग पक्ष्याची ओरड. आता ओळ मोडते. गेल्या वर्षी आमच्या खाडीकाठी वॅटल जुलैच्या सुरुवातीलाच फुलली, आणि मागचं कोणीच आलं नव्हतं.

यारावाली · २२ सप्टेंबर, रात्री १०.१५

मंडळी, जाऊन आले!

शाळेला सुट्टी लागली, काल सर्वपित्री अमावास्या म्हणजे चंद्राचा त्रास नाही, म्हणून सकाळी पानं ठेवून निघालो. साडेतीनशे किलोमीटरच्या वर आहे सी लेक, टिरेल तळ्याजवळचं गाव. वाटेत शेवटचे दोन तास फक्त गहू. इकडून तिकडे सपाट गहू, मधेच रस्त्याच्या कडेला मॅलीची एक ओळ, पट्टीने आखल्यासारखी उरलेली. दर्शना, तुझं वाचून आले होते म्हणून त्या ओळीकडे बघून पोटात कालवलं. बिटुर आणि लोआन ह्याच गव्हाच्या जागेवर होते.

तळं म्हणजे मीठ. बुटाखाली पापडासारखं मोडतं. त्याच्यावर घोट्याएवढंही नाही इतकं पाणी, वारा पडला की काच. सूर्य गेला, पाऊण तासाने वायव्येला बोटभर उंचीवर एक नारिंगी ठिणगी लुकलुकायला लागली. आधी वाटलं लांब गाडीचा दिवा आहे. लेक म्हणाला आई खाली पण आहे. पाण्यात तीच, उलटी. दोघी एकमेकींच्या जवळ यायला लागल्या. कोणी बोललं नाही. नवरा, जो सारखा फोन काढतो, त्यानेही काढला नाही. मग वरची आणि खालची एक झाली आणि विझली.

उत्तरेला अभिजितही होता, ठेंगणा, हात लांबवला तर लागेल असा. त्याच्याकडे बोट दाखवून मी पोराला दर्शनाचं दह्याचं सांगितलं.

पक्षी_दर्शना · २२ सप्टेंबर, रात्री १०.४०

अगं किती छान. मला न्यायचं होतंस.

थेटबोल · २३ सप्टेंबर, सकाळी ८.००

ताई, आम्ही सिडनीहून डिसेंबरात तिकडे येणार आहोत. सी लेकमध्ये मुक्काम करता येतो का, आणि तेव्हा स्वाती नसेल तर काय बघायचं?

खगोलवेडा · २३ सप्टेंबर, सकाळी ८.२०

डिसेंबरात रात्री मृग आणि कृत्तिका असतील, नाच आणि वाजवणं. मध्यरात्रीनंतर जागणार असाल तर उत्तरेला अगदी खाली ब्रह्महृदय आणि मागे पुनर्वसूचे दोघं, कांगारूच्या पाठलागावर. दुपारी मृगजळ नक्की बघा.

यारावाली · २ ऑक्टोबर, रात्री ८.०५

थेटबोल, गावात छोटा मोटेल आणि हॉटेल आहे, आधी फोन करून जा.

आम्ही गेले चार दिवस संध्याकाळी समुद्रावर जातोय, तिथून पश्चिम मोकळी दिसते. २९ ला दिसली, क्षितिजावर धुरकट. ३० ला ढग. काल आणि आज नाही दिसली. लेकाने शाळेच्या त्या कागदावर गुलिंगच्या तुकड्याच्या कडेला पेन्सिलीने 'गेली' असं लिहिलंय. आणि आत्ता घरी आल्यावर मागच्या दारी बेडूक ओरडतायत.

डँडेनाँगचा_मन्या · २ ऑक्टोबर, रात्री ८.२०

शनिवारी मर्नाँग बघायला ये त्याला घेऊन. कळ्यांनी माना टाकल्यायत.